पावटा फुलण्याची वेळ: सासवडजवळच्या एका परसबागेचे प्रकरण

हे प्रकरण एका गुंठ्याच्या परसबागेचे आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, सासवडपासून थोड्या अंतरावर माझे सासर आहे आणि घराच्या मागे, वाटण्या झाल्यानंतर आमच्याकडे राहिलेली एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, मोकळी जागा आहे. जून २०२१ मध्ये पुण्यातील भाड्याचे घर सोडून आम्ही येथे कायमचे राहायला आलो, तेव्हा पाच माणसांच्या घराला लागणारी भाजी जास्तीत जास्त याच जागेतून काढायची असे मी ठरवले. तेव्हापासून काय पेरले, काय आले आणि काय वाया गेले याची नोंद मी एका वहीत ठेवली आहे. पुढील विवेचन त्या वहीच्या आधारे आणि माझ्या सासूबाईंच्या, ज्यांना मी आई म्हणते, त्यांच्या अनुभवाच्या आधारे केलेले आहे.

जागेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. पुरंदर तालुक्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. कऱ्हा नदी पावसाळ्यात वाहते आणि उन्हाळ्यात तिचे पात्र बहुतेक कोरडे असते. माती कोठे मुरमाड, कोठे मध्यम काळी. आमच्या परसात दोन फुटांखाली मुरूम लागतो. हा तालुका अंजीर, सीताफळ आणि वाटाणा यांसाठी ओळखला जातो. यातील वाटाण्याकडे मी विशेष लक्ष वेधते, कारण अन्यत्र हिवाळ्याचे पीक मानला जाणारा वाटाणा येथील शेतकरी पावसाळ्यात घेतात. पठाराची उंची, ढगाळ हवा आणि बेताचा पाऊस यांमुळे जुलै-ऑगस्टमध्ये येथे वाटाण्याला मानवेल असा गारवा मिळतो. या एका गोष्टीत संपूर्ण प्रकरणाचे सार होते, परंतु ते माझ्या लक्षात यायला दोन वर्षे जावी लागली.

पहिला पावसाळा

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. २०२१ च्या मृगात पहिला चांगला पाऊस झाला आणि जमिनीला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, आल्याबरोबर मी चार दिवसांत चौदा प्रकारचे बी मातीत घातले. मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर, मुळा, भेंडी, गवार, दोडका, काकडी असे जे जे घरात खाल्ले जाते ते सगळे त्यात होते. शिवाय टोमॅटोची आणि फ्लॉवरची रोपे एका रोपवाटिकेतून आणली. शहरात असताना मंडईत या सर्व भाज्या बाराही महिने मिळत होत्या, त्यामुळे त्या बाराही महिने पिकत असणार, अशी माझी समजूत होती. मंडईतली भाजी निरनिराळ्या तालुक्यांतून, निरनिराळ्या उंचीवरून आणि अनेकदा परराज्यांतून येते, हा विचार मनात आला नव्हता.

आषाढाच्या झडीत मेथी गेली. उगवून दोन पानांवर आलेली रोपे जमिनीलगत पाणीदार होऊन एका रात्रीत आडवी पडत होती. बोटाने उचलले तर देठ धाग्यासारखा तुटून येत असे आणि मुळे मातीतच राहत असत. कृषी विभागाच्या पुस्तिकांत याला ‘रोप कोलमडणे’ म्हणतात. साचलेले पाणी, दाट पेरणी आणि मातीतील बुरशी अशी तिन्ही कारणे माझ्या वाफ्यात एकत्र आली होती. कोथिंबिरीचे तेच झाले. टोमॅटोची झाडे ऑगस्टपर्यंत छातीएवढी वाढली आणि मग खालच्या पानांपासून करपा रोग वर चढत गेला. गाजरे निघाली ती दोन-तीन पायांची. जड मातीत त्यांना सरळ खाली जाता आले नव्हते.

फ्लॉवरचे प्रकरण सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण त्यात हवेचा दोष नव्हता, रोपांचाही नव्हता. दोष वेळेचा होता. ही रोपे कोणत्या वाणाची आहेत, असे मी विचारले तेव्हा “फ्लॉवरची” एवढेच उत्तर मिळाले होते. वास्तविक फ्लॉवरमध्ये हळवी (लवकर येणारी), निमगरवी (मध्यम) आणि गरवी (उशिरा येणारी) अशी वाणे असतात आणि प्रत्येकाला गड्डा धरण्यासाठी वेगळे तापमान लागते. पुसा दीपालीसारखे हळवे वाण २० ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास गड्डा धरते, तर पुसा स्नोबॉलसारख्या गरव्या वाणांना १० ते १६ अंशांचा गारवा हवा असतो. गरवे वाण लवकर लावले तर झाड नुसते पानांनी भरत राहते. हळवे वाण उशिरा, थंडीत लावले तर झाड लहान असतानाच सुपारीएवढा गड्डा धरून थांबते. माझी झाडे पहिल्या प्रकारची होती. ऑक्टोबरपर्यंत त्यांनी दीड वाफा अडवला आणि मध्ये गड्ड्याचा मागमूसही नव्हता.

त्या पावसाळ्यात आले ते मांडवावरचे आणि कुंपणावरचे. दोडका, काकडी, गवार आणि चवळी यांनी घर चालवले. न्हाणीच्या पाण्यावर आईंनी पूर्वीपासून जोपासलेले अळू माजले होते. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसात हाताने पिकवलेल्या भाज्यांची एकत्र ‘ऋषीची भाजी’ करतात. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, भोपळा आणि मक्याचे कणीस असे सारे त्यात पडते. त्या दिवशी आईंनी कोयता आणि टोपले घेऊन परसातून एक फेरी मारली आणि भाजी पुरी केली. मी आणलेल्या चौदा पाकिटांपैकी तिच्यात भेंडी, दोडका आणि माठ एवढेच पडले. पंचांगातील हा सण म्हणजे त्या आठवड्यात परसात काय तयार असते याची यादीच आहे, हे मला तेथे प्रथम दिसले.

कुंपणावरचा वेल

पश्चिमेच्या तारेच्या कुंपणावर आईंनी जूनमध्येच पावट्याचे बी टोचले होते. हे बी त्या दरवर्षी स्वतः राखतात. वाळलेल्या शेंगा सोलून दाणे राखेत घोळवून बरणीत ठेवतात. वेल ऑगस्टमध्ये कुंपण झाकून पलीकडे उतरला, सप्टेंबरमध्ये त्याने शेजारच्या लिंबाच्या झाडावर हात टाकला, आणि त्याला एकही फूल नव्हते. चार महिने जागा, पाणी आणि खत घेऊन नुसती पाने देणारा वेल काढून टाकावा आणि कुंपणावर दुसरे काही लावावे, असे मी त्यांना सांगितले. विळा माझ्या हातातच होता.

“अगं, थांब,” त्या म्हणाल्या, “दिवस आखडल्याबिगर पावटा फुलत नाही. दसरा होऊ दे, थंडी पडू दे.”

मी थांबले ते त्यांचा मान म्हणून, मला पटले होते म्हणून नव्हे. २८ ऑक्टोबरला पहिला तुरा दिसला आणि पुढच्या पंधरा दिवसांत संपूर्ण कुंपण पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी भरले. मार्गशीर्षापासून शेंगा सुरू झाल्या त्या माघ संपेपर्यंत पुरल्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत पावटा, वांगे, गाजर, ओला हरभरा आणि वाटाणा पडले, त्यांतला पावटा पूर्णपणे घरचा होता.

नंतर वाचल्यावर कारण स्पष्ट झाले. पावट्याची जुनी, वेलीची वाणे दिवसाच्या लांबीला बांधलेली असतात. नेमके बोलायचे तर वनस्पती रात्रीची लांबी मोजते. आमच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवस-रात्र समान होतात आणि डिसेंबरमध्ये दिवस अकरा तासांवर येतो. रात्र विशिष्ट मर्यादेपलीकडे लांबली की वेल पानांऐवजी फुलाचे कोंब काढू लागतो. त्यामुळे पावटा जूनमध्ये पेरा किंवा जुलैच्या शेवटी पेरा, फुले जवळपास एकाच सुमारास येतात. फरक पडतो तो वेलाच्या आकारात आणि म्हणून शेंगांच्या उताऱ्यात. कोणत्याही दिवसमानात फुलणारी बुटकी वाणे आता मिळतात आणि ती उपयुक्त आहेत. परंतु घरातल्या पाच माणसांना दोन-अडीच महिने पुरवठा करण्याच्या बाबतीत या जुन्या वेलाची बरोबरी माझ्या परसात कोणत्याही बुटक्या झाडाने केलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये अडकलेली जागा

पहिल्या वर्षाचे खरे नुकसान पावसाळ्यात झालेच नाही. ते ऑक्टोबरमध्ये झाले आणि दिसले फेब्रुवारीत.

परसात बारा फूट बाय पाच फूट मापाचे आठ वाफे आहेत. ऑक्टोबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात हे आठही वाफे भरलेले होते. भेंडीला दिवसाआड चार-सहा शेंगा येत होत्या, गवार निबर होत चालली होती, टोमॅटो करपलेला असला तरी शेंड्याला फुले होती, आणि फ्लॉवरला अजून गड्डा येईल अशी आशा होती. जे झाड अजून काहीतरी देत आहे ते उपटायला हात धजावत नाही. परसबाग करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असेल. परिणाम असा झाला की कोबीची, टोमॅटोची आणि कांद्याची तयार रोपे ट्रेमध्ये पिवळी पडत बसली आणि वाफे मोकळे होईपर्यंत नोव्हेंबर संपत आला. वाटाणा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोकला गेला.

तो उगवला उत्तम. वेलही चांगला वाढला. परंतु फुले येईपर्यंत फेब्रुवारीचा मध्य आला, दुपारचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ लागले आणि फुले गळू लागली. ज्या शेंगा धरल्या त्यांत दोन-तीन दाणे होते. कोबीचे गड्डे मार्चच्या उन्हात सैल राहिले. टोमॅटोने फेब्रुवारीच्या शेवटी भरपूर फूल काढले आणि ते जवळजवळ सगळे टाकले. रात्री उबदार राहू लागल्या आणि दिवस ३५ अंशांकडे सरकले की टोमॅटोत परागीभवन नीट होत नाही, फळ धरले तरी तांबडा रंग भरत नाही, पिवळसर राहतो. ऑक्टोबरमध्ये चार-सहा भेंड्यांसाठी अडवलेल्या सहा आठवड्यांची किंमत आम्ही अशा रीतीने फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजली. आमच्याकडील भाजीला मानवणारी थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जेमतेम तीन महिने टिकते. उशिरा लावलेले पीक पुढे जाऊन ती भरपाई करू शकत नाही, कारण पुढे थंडीच नसते.

आईंना मी हे सगळे वहीतून वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे होते की हस्त नक्षत्र संपायच्या आत निम्मे वावर मोकळे पाहिजे, आणि हे त्या दरवर्षी सांगत आल्या आहेत. हस्त लागते २७ सप्टेंबरच्या सुमारास आणि पुढचे चित्रा १० किंवा ११ ऑक्टोबरला. मी आधी घटस्थापनेची खूण धरली होती, कारण घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरताना परसाची आठवण होतेच. नऊ दिवसांत कोणते धान्य किती उगवले यावरून बियाण्याची पारखही होते. परंतु तिथी चांद्र असल्याने ती दरवर्षी सरकते. घटस्थापना २०२२ मध्ये २६ सप्टेंबरला होती आणि २०२३ मध्ये, अधिक श्रावणामुळे, १५ ऑक्टोबरला. एकोणीस दिवसांचा हा फरक वाटाण्याला परवडत नाही. पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात, त्यामुळे त्यांच्या तारखा वर्षानुवर्षे एखाद्या दिवसाने हलतात, अधिक नाही. शेतीचे काम जुन्या माणसांनी नक्षत्रांवर का बांधले आणि सणांवर का बांधले नाही, हे मला या हिशेबातून उमगले.

शेवटाकडून मोजणी

२०२२ पासून मी पेरणीच्या महिन्याकडून पुढे मोजणे सोडून दिले. प्रत्येक भाजीचा एक नाजूक टप्पा असतो. वाटाण्याचे फूल आणि शेंग भरणे, फ्लॉवरचा गड्डा, टोमॅटोची फळधारणा, मेथी-कोथिंबिरीच्या बाबतीत उगवणीनंतरचे पहिले पंधरा दिवस. हा टप्पा कोणत्या हवेत पडला पाहिजे ते आधी ठरवायचे आणि तेथून मागे दिवस मोजत पेरणीपर्यंत यायचे, अशी पद्धत घेतली. बियांच्या पाकिटावर पेरणीचा महिना छापलेला असतो. झाडाला मात्र आपण कधी पेरले याच्याशी फारसे कर्तव्य नसते, ते कोणत्या हवेत फुलणार याच्याशी असते. आमच्या तालुक्यात वाटाणा पावसाळ्यात पिकतो तोही याच न्यायाने, आणि माझा परसातला वाटाणा हिवाळ्यात पिकतो तोही याच न्यायाने.

उदाहरणादाखल फ्लॉवर घेते. गड्डा डिसेंबरच्या अखेरीस ते जानेवारीत हवा. निमगरव्या वाणाला पुनर्लागणीपासून साधारण ८० ते ९० दिवस लागतात, म्हणजे लागण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. रोप गादीवाफ्यावर तयार व्हायला २५ ते ३० दिवस, म्हणजे बी टाकायचे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पूर्वा नक्षत्रात. त्या वेळी पाऊस असतो, म्हणून गादीवाफा जमिनीपासून वीतभर उंच आणि वरून पारदर्शक कागदाचा मांडव. पण ऑक्टोबरमध्ये रोप तयार असले तरी वाफा मोकळा नसेल तर सगळी गणिते फुकट, हे पहिल्या वर्षी शिकले होते.

यावर आम्ही काढलेला मार्ग असा की आठपैकी तीन वाफ्यांना खरिपात भाजी द्यायचीच नाही. त्यांत जूनमध्ये ताग पेरायचा, ४५ ते ५० दिवसांनी फूल दिसू लागताच कापून मातीत गाडायचा आणि तो कुजायला महिना-दीड महिना द्यायचा. सप्टेंबरच्या अखेरीस हे वाफे मोकळे, भुसभुशीत आणि खतावलेले असतात आणि तेथे कोणाला उपटण्याचा प्रश्न येत नाही. पावसाळी भाज्या शक्य तितक्या वर चढवल्या. दोडका, काकडी, कारली आणि दुधी मांडवावर, पावटा आणि घेवडा कुंपणावर. भेंडी, गवार आणि लाल माठ यांना तीन वाफे. उरलेल्या दोहोंपैकी एक वांग्यांना, एक मिरची आणि आल्याला.

वांग्याबद्दल येथेच सांगते. चातुर्मासात आमच्या घरी वांगे आणि कांदा वर्ज्य असतो. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांदा थांबतो आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून, वांगे पुन्हा सुरू होते. जेजुरी याच तालुक्यात असल्याने हा सण येथे मोठा. मला या प्रथेची बागेतली बाजू दिसते ती अशी: श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आमच्या वांग्यांवर सर्वाधिक असते, आणि त्या चार महिन्यांत कोणी वांगे मागतच नसल्याने किडके शेंडे निर्धास्तपणे छाटता येतात, झाडाला शेणखत देऊन विश्रांती देता येते. डिसेंबरमध्ये तेच झाड नव्या फुटीवर स्वच्छ फळ देते. फवारणीचा विचार करण्याची वेळ मग क्वचित येते.

धने पेरण्याचीही एक साधी गोष्ट वेळेएवढीच महत्त्वाची ठरली. धन्याचा दाणा म्हणजे दोन बियांची जोडी. तो अखंड पेरला तर उगवण विरळ आणि उशिरा होते. आई धने गोणपाटावर पसरून चपलेच्या तळव्याने अलगद रगडतात, दाण्याचे दोन भाग झाले की थांबतात, रात्रभर पाण्यात ठेवतात आणि सकाळी सावलीत निथळून पेरतात. चित्रा नक्षत्रापासून दर पंधरा दिवसांनी अर्धा-अर्धा वाफा असे पेरल्याने मार्चपर्यंत कोथिंबीर तुटत नाही. एप्रिलनंतर मात्र ती फुलावर जाते. शेडनेट लावून दोन उन्हाळे प्रयत्न केला आणि मूठभर कोथिंबिरीसाठी बादल्या ओतल्या. तो प्रयत्न मी सोडला आहे. त्या दिवसांत न्हाणीजवळचा पुदिना आणि दारातला कढीपत्ता पुरे होतो.

पाण्याचा हिशेब आणि ताटातली भाजी

उन्हाळ्यात बाग लहान करावी लागते, आणि ती किती लहान करावी याचे गणित साधे आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आमचा एक वाफा साधारण साडेपाच चौरस मीटरचा. एप्रिलमध्ये भाजीला रोज ६ मिलिमीटर पाणी धरले तर एका वाफ्याला ३३ लिटर आणि आठ वाफ्यांना २६५ लिटरच्या आसपास. बोअरचे पाणी आणि स्वयंपाकघरातील विसळण्याचे पाणी मिळून परसाला रोज शंभर लिटरच्या पुढे देता येत नाही. म्हणजे वाफे तीन. आठही वाफे अर्धपोटी ठेवण्यापेक्षा तीन पोटभर ठेवणे केव्हाही चांगले. त्यांत फेब्रुवारीच्या मध्यावर, रात्रीची थंडी सरल्यावर, भेंडी आणि गवार जाते. त्याआधी थंड मातीत पेरलेली भेंडी उगवण्याऐवजी कुजते, हे मी दोनदा करून पाहिले आहे. तिसरा वाफा लाल माठ आणि काकडीला. उरलेल्या पाचांपैकी दोन वाफे खणून, ओले करून, पातळ पारदर्शक प्लॅस्टिकखाली एप्रिल-मेमध्ये पाच-सहा आठवडे तापवले जातात, त्यामुळे तणाचे बी आणि मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी बरेच कमी होतात. बाकीचे पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो.

बाग ऋतूप्रमाणे चालवायची तर स्वयंपाकघरही तसेच चालवावे लागते, आणि हे काम मातीतल्या कामापेक्षा अवघड आहे असे माझे मत झाले आहे. वर्षात दोन वेळा परसात जवळपास काही नसते. एक म्हणजे ज्येष्ठाच्या अखेरीपासून आषाढापर्यंत, उन्हाळी पीक संपलेले आणि पावसाळी वेल अजून फुललेले नसतात तेव्हा. दुसरी वेळ अश्विनातली. पहिल्या टंचाईला उन्हाळ्यात वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या, सांडगे आणि कडधान्ये कामी येतात, आणि पहिल्या पावसानंतर बांधावर उगवणारा टाकळा, कुर्डू, चिघळ आणि पाथरी. माझ्या मुलांनी पहिल्या वर्षी टाकळा ताटाच्या कडेला सारला होता. आता पावसाळा लागला की धाकटी स्वतः बांधावर जाऊन कोवळी पाने खुडून आणते, आणि टाकळा नेमका किती दिवस कोवळा राहतो हे तिला माझ्याहून चांगले कळते. दुसऱ्या टंचाईला बाजारातून भाजी आणतो. गाजर आणि बटाटा तर नेहमीच विकत घेतो. जे या मातीत येत नाही त्याचा हट्ट धरण्यात मला अर्थ वाटत नाही.

दोन विपरीत वर्षे

वेळापत्रक बसले असे वाटत असतानाच २०२३ आले. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ठरला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत पुरंदरचा समावेश होता. ताग गुडघ्याएवढाच वाढला. गाडला तरी माती कोरडी असल्याने कुजेना. कोबीवर्गाची रोपे मी त्या वर्षी केलीच नाहीत. चार वाफे रिकामे ठेवले आणि दोहोंमध्ये हरभरा पेरला. हरभरा मातीतल्या ओलीवर निभावतो. तीन आठवड्यांनी त्याचे शेंडे खुडले की भाजी मिळते आणि झाडाला जास्त फांद्या फुटून घाटेही वाढतात. त्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आठवड्यातून तीनदा झाली. घरात कुरकुर झाली नाही असे नाही. परंतु जानेवारीत ओला हरभरा आला, तो भोगीला पुरला आणि वर शेजारी देण्याइतका उरला.

२०२५ मध्ये नेमके उलटे घडले. मे महिन्यातच पावसाने ठाण मांडले आणि २६ मे रोजी, रोहिणी नक्षत्रात, मोसमी पाऊस पुण्यापर्यंत आल्याचे हवामान विभागाने जाहीर केले, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी. प्लॅस्टिकखाली तापत ठेवलेले वाफे अर्धवट राहिले. वाळत घातलेल्या काचऱ्या आत घ्याव्या लागल्या आणि त्यांतल्या निम्म्या बुरसल्या. पाऊस आला म्हणजे पेरणी आली, अशी घाई आसपास दिसत होती, परंतु पाऊस पडणे आणि वाफसा येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूठभर माती दाबून सोडली तर ती फुटली पाहिजे. आमची माती तेव्हा मुठीतल्या बोटांचे ठसे घेऊन तशीच गोळा राहत होती. अशा मातीत पाय ठेवला की ती दबते आणि पुढचा सगळा हंगाम मुळांना त्रास देते. आम्ही बारा दिवस वाफ्यांत उतरलो नाही. उंच गादीवाफ्यावर फक्त वेलभाज्यांची आळी केली आणि कुंपणावर पावटा टोचला. ताग ७ जूनला पेरला, जवळपास नेहमीच्याच तारखेला.

वेलभाज्या लवकर लागल्याने दोडका जुलैच्या अखेरीसच भरात आला आणि सप्टेंबरच्या मध्यावर भुरी रोगाने संपला, नेहमीपेक्षा तीन आठवडे आधी. मांडव उतरवताना मला वाटले की या वर्षी सगळेच लवकर येणार, पावटाही. आईंना विचारले तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पाऊस लवकर आला गं, दिवस कुठं लवकर आखडलाय?”

वहीतल्या पाच ओळी एकाखाली एक लिहिल्या तर त्यांचे म्हणणे स्पष्ट दिसते. कुंपणावरच्या पावट्याला पहिला तुरा २०२१ मध्ये २८ ऑक्टोबरला दिसला, २०२२ मध्ये ३१ ला, दुष्काळाच्या २०२३ मध्ये २६ ला, २०२४ मध्ये ३० ला आणि मे महिन्यातल्या पावसाच्या २०२५ मध्ये २९ ला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होऊन गेले होते. २०२३ मध्ये तेच १२ नोव्हेंबरला होते, आणि तेव्हा फुले दिवाळीच्या आधी आली होती. वेलाने दोन्ही वर्षी सणाकडे पाहिले नाही, पावसाकडेही पाहिले नाही. २९ ऑक्टोबरला तुरा पाहून आम्ही दोघी तागाच्या पहिल्या वाफ्यात बसलो, आणि आईंनी बोटाच्या पेराएवढे भोक करायचे, मी लसणाची पाकळी टोक वर करून त्यात ठेवायची, असे करत संध्याकाळपर्यंत वाफा पुरा केला.